चारी बाजूंनी पाठ

१

वर्गात तिला मुंगी म्हणत, कारण आपल्यापेक्षा जड प्लास्टरची पोती ती एकटी फाटकापासून स्टुडिओपर्यंत ओढत आणायची, आणि मदतीला कोणी हात पुढे केलाच तर चावायची. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. घरी बाबा तिला भिंगरी म्हणायचे, तेही लाडाने नाही.

बाबांचं पडद्यांचं दुकान होतं. लोकांनी आपल्या खिडक्या कशाने झाकाव्यात हे गादीवर बसून सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता. मुलीचाही तसाच जावा, एवढीच त्यांची माफक इच्छा. ‘एका जागी बसायला शीक’ हे वाक्य त्यांनी तिच्यासमोर इतकं घोकलं होतं की घरातल्या भिंतींनाही ते पाठ झालं असावं. कलाशाळेत नाव घालताना त्यांनी सौदा केला होता. वर्षअखेरच्या पाहणीत काम पसंत पडलं तर पुढे शीक. नाही पडलं तर मुकाट्याने दुकानात येऊन बस. ‘मुकाट्याने’वर त्यांचा भर होता, आणि ‘बस’वर त्याहून जास्त.

पाहणी करणार होते सर. एकटेच. त्यांनी मान हलवली की मुंगी राहणार, नाही हलवली की पडद्यांत जाणार. माणसाचं आयुष्य दुसऱ्याच्या मानेवर टांगून ठेवायची ही थोरांची जुनी सोय आहे.

विषय होता अतिवास्तववाद. स्वप्नात दिसतं तसं करा, असं सरांनी सांगितलं आणि ते खोलीत जाऊन झोपले. मुंगीने एक कपाट घ्यायचं ठरवलं, अर्धवट उघडलेलं, आत फळ्यांच्या जागी बरगड्या. काम करायची तिची पद्धत ठरलेली होती. आधी शाडूत आकार घडवायचा. मग त्याच्याभोवती फिरत सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे. ते कॉम्प्युटरला दिले की तो त्यांवरून पडद्यावर घन आकार उभा करतो, माउसने हवा तसा फिरवता येतो. तिथे तो ताणायचा, वाकवायचा, एकात एक घालायचा, आणि जे उरेल ते परत प्लास्टरमध्ये घडवायचं. मातीतून पडद्यात, पडद्यातून प्लास्टरमध्ये. प्रत्येक फेरीत कपाट थोडं कमी कपाट होत होतं आणि मुंगी खूश होती.

२

स्टुडिओ तळमजल्यावर होता. लांबट खोली, एका अंगाला व्हरांड्यात उघडणारं दार, समोरच्या अंगाला अंगणाकडच्या काचेच्या खिडक्या. त्या खिडक्यांखाली एक उंच लाकडी स्टूल असायचं. ते सरांच्या बैठकीचं.

बैठक म्हणजे सरांच्या स्वतःच्या कामाला मॉडेल म्हणून बसणं. कुठल्या तरी चौकासाठी, कुठल्या तरी सभागृहासाठी सर पुतळे करत, आणि त्यांना फुकटात हाडामांसाचे विद्यार्थी मिळत. बसायला मिळणं हा मान समजला जाई. ज्यांना मिळाला होता ते नंतर आठवडाभर मान चोळत फिरत. नियम साधा होता. सर ‘बास, उठा’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. शिंक आली तर गिळायची. सर मधेच फोनवर बोलायला गेले, चहाला गेले, तरी ते परत येऊन तो शब्द उच्चारेपर्यंत बसून राहायचं. एरवी सगळ्यांना अरे-तुरे करणारे सर त्या एका शब्दापुरते आदराने बोलायचे, आणि पोरं तेवढ्यावरही विरघळायची. बैठक सुरू झाली की बाकीच्यांनी बाहेर जायचं, आणि शेवटच्याने दार हळूच ओढून, कडी हाताने धरून, आवाज न करता लावायचं. बसलेल्याचं लक्ष ढळू नये म्हणून.

मुंगीला कधी बसवलं नव्हतं. तिचा एक पाय सतत हलत असे. सर म्हणायचे, या मुलीचा पुतळा करायचा तर आधी तिला मारावं लागेल. वर्ग हसायचा. मुंगीही हसायची, कारण न हसण्याची किंमत तिला ठाऊक होती.

३

दुपारची वेळ होती. वर्ग जेवायला गेला होता. कपाट मधोमध फिरत्या पाटावर नव्हे, साध्या टेबलावर ठेवून मुंगी त्याच्याभोवती फेऱ्या घालत होती. एक फेरी खालून, एक मधून, एक टाचा उंचावून. फोटो कॉम्प्युटरला दिले आणि ती हात धुवायला गेली. शाडू नखांतून निघेपर्यंत वेळ लागतो. परत आली तेव्हा पडद्यावर कपाट तयार होतं.

छान आलं होतं. बरगड्यांमधला काळोखही आला होता. कपाटाबरोबर मागच्या खोलीचे तुकडेही उमटतात, ते नंतर पुसून टाकायचे असतात. टेबलाचा पाय, खिडकीच्या गजांचा एक पट्टा, खिडकीखालचं स्टूल. ती माउसने तुकडे निवडून पुसत गेली आणि स्टुलापाशी थांबली.

स्टुलावर काहीतरी होतं.

आपला डगला फेकला असेल, असं तिला वाटलं. तिने पुसायला बोट उचललं. मग तिच्या लक्षात आलं की डगला आपल्या अंगात आहे.

आकार ओबडधोबड होता, मेणासारखा वितळलेला. वर एक गोळा, खाली उतरते दोन उतार, त्याखाली निमुळतं होऊन पुन्हा रुंद झालेलं. मूर्तिकलेच्या पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल तो काय होता. कोणीतरी खोलीकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसलं होतं.

मुंगीने वळून खऱ्या स्टुलाकडे पाहिलं. त्याच्यावर ऊन पडलं होतं. बाकी काही नव्हतं.

४

कॉम्प्युटरमधलं कळणारा वर्गात एकच, लंबू. तो खांबासारखा उंच होता आणि खांबाइतकाच काम करायचा, पण यंत्रांना त्याचा लळा होता. मुंगीने त्याला डब्यावरून उठवून आणलं. त्याने घास चघळत पाहिलं आणि म्हणाला, प्रोग्रॅमला काय अक्कल, ढगातही तो गाढव काढून दाखवेल.

त्यांनी एकेक फोटो उघडला. प्रत्येकात स्टूल रिकामं. एकात तर बैठकीच्या फळीवरचा रंगाचा जुना डागसुद्धा स्वच्छ दिसत होता. लंबूने तेच फोटो पुन्हा दिले. या वेळी आकार जास्त नीट उमटला. वर बांधलेले केस. वाकलेली मान, आणि मानेवर उठून आलेलं मणक्याचं हाड. डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली.

लंबूचं चघळणं थांबलं. मग त्याने जे सांगितलं ते मुंगीलाही अर्धवट ठाऊक होतं. प्रोग्रॅम हलणारं सगळं गाळून टाकतो. रस्त्यावरच्या पुतळ्याचे फोटो काढले तर आजूबाजूला चालणारी माणसं त्यात येतच नाहीत. फार तर ती जिथून गेली तिथे जमीन कुरतडल्यासारखी दिसते, कारण कधी दिसली, कधी झाकली गेली, प्रोग्रॅमचा गोंधळ होतो. जे पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत एकाच जागी, एकाच तऱ्हेने असतं, तेवढंच तो धरतो. माणूस कितीही गप्प बसला तरी त्याची कड पुसट येते, कारण तो श्वास घेतो.

“आणि हिची कड बघ,” लंबू म्हणाला. “ब्लेडसारखी आहे.”

“हिची म्हणजे कोणाची?”

लंबूने खांदे उडवले आणि नेहमीच्या सवयीने विनोद केला. “तुझ्या बाबांना हवी होती ती मुलगी ही. एका जागी बसणारी.”

मुंगी हसली. तेव्हा तिचा पाय हलत नव्हता हे तिला नंतर आठवलं.

५

पुसून टाकायला हवं होतं. एका बटणाचं काम. पण त्याच वेळी सर आत आले, झोपेचा वळ गालावर घेऊन, आणि सरळ पडद्यासमोर उभे राहिले.

वर्षभरात त्यांनी मुंगीच्या कामाकडे असं पाहिलं नव्हतं. कपाटाला ते आजवर ‘बरं आहे’ म्हणत आले होते, आणि सरांच्या तोंडचं ‘बरं आहे’ म्हणजे डॉक्टरच्या तोंडचं ‘देवावर हवाला’. आता त्यांनी खुर्ची ओढली. चष्मा वर केला. कपाट-बिपाट राहू दे, म्हणाले, हे काय आहे?

मुंगीने ‘माहीत नाही’ म्हणायला तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांसमोर पडद्यांचे ताके उभे राहिले, फुलाफुलांचे, आणि त्यांच्या मधोमध एक गादी.

“माझं आहे, सर,” ती म्हणाली. “मनाने केलंय.”

लंबूने तिच्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं.

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, पाहणीला हेच आण. पूर्ण उंचीचं, प्लास्टरमध्ये. पाठीत इतकं काही असू शकतं हे तुझ्या वयात कळणं म्हणजे कमाल आहे. जाता जाता दारात थांबून त्यांनी विचारलं, कोणाला बसवलं होतंस? कोणालाच नाही, असं तिने सांगितलं, आणि तेवढं तरी खरं होतं.

६

पूर्ण मूर्ती घडवायची तर पूर्ण आकार हवा. कपाटामागून डोकावणारी पाठ पुरणार नव्हती. दुसऱ्या दिवशी, भर उजेडात, मुंगीने स्टूल ओढून खोलीच्या मधोमध आणलं आणि रिकाम्या स्टुलाचे फोटो काढायला सुरुवात केली.

कोणी पाहिलं असतं तर वेडी म्हटलं असतं. तिलाही तेच वाटत होतं. ती स्वतःला समजावत होती की हा प्रोग्रॅमचा घोळ आहे, काचेवरून ऊन परततं, लाकडाच्या चकाकीने असं होतं, लंबूला काडीचं कळत नाही. समजावता समजावता तिचं लक्ष पायांकडे गेलं. स्टूल केवढंसं, पण ती त्याच्याभोवती लांबून फिरत होती. मध्ये कोणी बसलं असेल आणि त्याच्या गुडघ्यांना आपला धक्का लागू नये, इतक्या लांबून.

तिने मुद्दाम एक पाऊल जवळ टाकलं. मग परत मागे घेतलं. का, ते तिला सांगता आलं नसतं.

फोटो दिले. या वेळी ती हात धुवायला गेली नाही. पडद्यावर आकार ठिपक्याठिपक्याने भरत आला. केस, मान, खांदे, पाठीची मधली पन्हळ, कमरेवरची कापडाची चुणी. सुरेख होतं. आपल्या हातून असं कधी होईल का, असा मत्सरही तिला वाटला. आता चेहरा पाहायचा म्हणून तिने माउसने आकार फिरवला.

खांदा वळला. त्यामागून छाती येणार, हनुवटी येणार, असं वाटलं आणि पाठ आली.

तिने पुन्हा फिरवला. पुन्हा पाठ. डावीकडून, उजवीकडून, जिथून पाहावं तिथून वाकलेली मान, मणक्याचं हाड आणि डावा खांदा खाली. दोन पाठी जोडल्यासारखा सांधाही कुठे नव्हता. वळताना प्रत्येक वेळी वाटायचं, आता. आता ती बाजू येईल. आणि ती बाजू नसायचीच. तिने लंबूला बोलावलं. त्याने माउस धरून एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं, आणि त्या दिवशी त्याने विनोद केला नाही. फक्त म्हणाला, पुसून टाक.

पाहणी जवळ आली होती. तिने पुसलं नाही.

७

तिने ती घडवली. तारेचा सांगाडा, त्यावर शाडू, मग साचा, मग प्लास्टर. शाडूवर काम करताना तिची बोटं सवयीने गळ्याच्या हाडाची वाट बघत पुढे सरकायची आणि पुन्हा पाठीवरच यायची. आपण भोवती फिरतोय की ती फिरतेय, हे कळेनासं व्हायचं. बाबांचा फोन यायचा. काम कसं चाललंय हे ते विचारत नसत, दुकानात तिच्यासाठी नवीन गादी भरून घेतली आहे हे सांगत.

प्लास्टर वाळलं तेव्हा सर पाहायला आले. मागे उभे राहून पाहिलं, आणि त्यांचा हात आपोआप त्या डाव्या खांद्यावर गेला.

“हा अजून खाली. दमली की ती हा खांदा सोडायची.”

खोलीत पंखा फिरत होता. सरांनी हात काढून घेतला.

“ती कोण, सर?” मुंगीने विचारलं.

मॉडेलं असतात की, सर म्हणाले, कोण कुठली लक्षात ठेवतं. पण ते आता मूर्तीभोवती चालायला लागले होते, आणि एक फेरी पुरी होईपर्यंत त्यांचा चेहरा ओल्या शाडूसारखा झाला. मुंगीला राहवलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं. मनाने केलेलं नाही, स्टुलावर आहे, फोटोत नाही पण आहे. आपल्या तोंडून हे ऐकताना तिला ते इतकं खुळचट वाटलं की सरांनी हाकलून दिलं असतं तरी बरं वाटलं असतं.

सर हसले. मोठी माणसं लाज लपवायला हसतात तसं.

“काही जणी बसवून गेलं की बसूनच राहतात. पाहुणे आले, मी खाली गेलो, गप्पा लांबल्या. आता उठायची अक्कल ज्याची त्याला नको?”

“मग?”

“मग काय? दुसऱ्या दिवशी स्टूल रिकामं होतं. ती पुन्हा कधी कोणाला दिसली नाही.” त्यांनी चष्मा पुसला. “याला चेहरा कर. चेहऱ्याशिवाय मी पास करणार नाही.”

एवढं बोलून ते गेले. तळमजल्यावरून ‘खाली’ कुठे गेले होते, हे मुंगीने विचारायला हवं होतं. वरच्या मजल्यावरची, कुलूप लावून ठेवलेली जुनी स्टुडिओची खोली तिला नंतर आठवली. तिथलंच स्टूल इथे आणलं असणार. लाकूड टाकून देत नाहीत.

८

त्या दुपारी ती स्टुलासमोर उभी राहिली. समोर म्हणजे कुठे, हाही प्रश्नच होता. लाज वाटत होती. दाराकडे दोनदा पाहून घेतलं. आणि मग, सरांच्या आवाजात नाही, आपल्याच आवाजात, बसमध्ये म्हातारीला तिचा थांबा आल्याचं सांगावं तसं ती म्हणाली,

“बास झालं. उठा.”

काही झालं नाही. अंगणात कोणीतरी बादली आपटली. स्टूल करकरलं. वजन उतरल्यावर लाकूड करकरतं तसं, किंवा उन्हाने करकरतं तसं. दोन्हींचा आवाज एकच असतो.

तिने कॅमेरा घेतला आणि फेरी घातली. पडद्यावर स्टूल आलं. नुसतं स्टूल, वर रंगाचा जुना डाग. मुंगी खाली फरशीवर बसली आणि थोडा वेळ तोंडावर हात धरून राहिली. कुणाला तरी उठ म्हणायला एवढा वेळ लागावा, याचा तिला राग आला. हायसंही वाटलं. चांगलं काम केलं, असं वर्षभरात पहिल्यांदा वाटलं.

लंबू आला. त्याने रिकामं स्टूल पाहिलं, तिच्या पाठीवर थाप मारली, आणि सवयीने आकार फिरवून वरून पाहिला. मग जवळ आणला.

“फोटो काढताना मधे कोण फिरत होतं?”

“कोणी नाही. मी एकटीच.”

“तू कॅमेऱ्याच्या मागे होतीस. हे पुढे आहे.”

पडद्यावरची फरशी कुरतडलेली होती. स्टुलापासून निघालेला वेडावाकडा पट्टा टेबलापर्यंत, तिथून प्लास्टरच्या मूर्तीपर्यंत, मूर्तीभोवती एक पूर्ण वळसा, आणि मग दाराकडे. मूर्तीची एक कड अशी खाल्लेली होती जणू कोणीतरी तिच्यासमोर बराच वेळ घुटमळलं होतं.

मुंगीच्या डोक्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती आणि ती तिला नीट धरता येत नव्हती. बसलेली होती तोवर ती कुठे आहे हे तरी कळत होतं. आता ती हलती झाली; हलणारं यंत्राला दिसत नाही. आणि डोळ्यांना तर ती आधीही दिसत नव्हती. आपण तिला सोडवलं, की नुसतं मोकळं सोडलं?

९

पाहणीच्या दिवशी मूर्तीला चेहरा नव्हता. मुंगीने प्रयत्न केला होता. प्रत्येक वेळी चेहरा लावला की तो पाठीवर चिकटवलेल्या मुखवट्यासारखा दिसायचा, आणि ती तो खरवडून टाकायची.

सकाळची वेळ होती. सरांनी बाकीच्यांची कामं पाहून त्यांना बाहेर काढलं, मुंगीला थांबवलं. मूर्तीकडे त्यांनी धड पाहिलंही नाही. तिच्याभोवती फिरले तर नाहीतच. चेहरा नाही म्हणजे काम नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि मग आवाज मऊ केला. एक मार्ग होता. त्यांच्या नव्या पुतळ्याला तरुण मुलगी हवी होती. आज बैठकीला बस. नीट बसलीस तर मी पाहणीच्या कागदावर सही करतो. बाबांना काय सांगायचं ते मग तू ठरव.

स्टूल पुन्हा खिडकीखाली सरकवून मुंगी त्यावर बसली. माणूस आपल्या जागेसाठी काय काय करतो. खिडकीकडे तोंड, हात गुडघ्यांवर, मान खाली. फळी गार होती, उन्हात असूनही. तिचा पाय हलायला लागला. सर म्हणाले, हलू नकोस. तिने पाय दाबून धरला तर खांदा हलला. तिच्या मानेवर कोणाची तरी नजर चालत होती, आणि सर तर बाजूला उभे होते.

“मला नाही जमणार,” ती उतरून म्हणाली.

“जमत नाही काय? बसायला काय लागतं?” सरांचा संयम सुटला. आयुष्यभर दुसऱ्यांना बसवून थकलेल्या माणसाला आपणही बसू शकतो हे दाखवायची हौस असते. त्यांनी तिला बाजूला सारलं आणि स्वतः स्टुलावर चढले. “बघ. असं. हात इथे. मान अशी. आणि मग विसरून जायचं की आपण आहोत.”

ते बसले. खरंच सुरेख बसले. मान वाकली, मानेवरचं हाड वर आलं. डावा खांदा हळूच खाली आला.

मुंगी थांबली. आता उठतील, मग उठतील. कळलं सर, असं ती म्हणाली. सरांनी उत्तर दिलं नाही. शिकवत असतील, असं तिला वाटलं. धडा लांबवायची त्यांना सवयच होती. तिने पुन्हा हाक मारली. पंख्याचा वारा तिच्या केसांना लागत होता, सरांच्या पांढऱ्या केसांना लागत नव्हता.

तिने पिशवी उचलली. सही गेली तर गेली. व्हरांड्यात येऊन तिने उघड्या दारातून मागे पाहिलं. मधे तिची मूर्ती, पलीकडे खिडकीखाली सरांची पाठ. साहजिकच, त्यांचं तोंड खिडकीकडे होतं.

निदान तोंडावर सांगून जावं, असं तिला वाटलं. तोंडावर, म्हणजे काचेतून. ती इमारतीला वळसा घालून अंगणात आली. कोरड्या गवतातून चालत त्या खिडकीसमोर उभी राहिली आणि उन्हाला आड करायला तिने काचेवर हात धरला.

आत सरांची पाठ होती.

वाकलेली मान. मणक्याचं हाड. डावा खांदा खाली. तिने डोळे मिटून उघडले. आपण चुकीच्या खिडकीशी आलो असू, म्हणून तिने खोलीत पलीकडे पाहिलं. मूर्ती होती, टेबल होतं, आणि त्यामागे व्हरांड्याचं दार, तिने उघडं ठेवलेलं. खिडकी हीच होती.

“सर,” ती म्हणाली. “बास. उठा.”

काचेवर तिच्या श्वासाचा ढग आला आणि विरला. आत काही हललं नाही. शब्द आत पोचला नसेल. तो आत जाऊन म्हणावा लागेल. खिशात फोन थरथरायला लागला, बाबांचा असणार, पास की नापास. धावत गेलं तर अजून जमेल, असा हिशेब तिचं डोकं करत होतं. पाय मात्र एकदाचे स्थिर झाले होते.

समोर, खोलीच्या त्या टोकाला, उघडं दार ओढलं जायला लागलं. वाऱ्याने आपटतं तसं नाही. सावकाश, शेवटच्या बोटभर फटीपाशी थांबून, कडी कोणीतरी हाताने धरल्यासारखं. आवाज न करता ते लागलं, बसलेल्याचं लक्ष ढळू नये अशा बेताने.